शेवाळाचा गोळा आणि त्याची घरगुती निगा

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, परंतु विषय मात्र आमच्यावरच सोपविला. इतिहास, आठवणी आणि ऋणनिर्देश यांवर लिहिण्यास आमच्याहून अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो विज्ञानाचे शिक्षक. तेव्हा ज्या वस्तूविषयी गेली दोन-तीन वर्षे पालक व शेजारी आम्हांस वारंवार विचारीत आले, तिच्याविषयीच लिहावे असे ठरविले. ती वस्तू म्हणजे शेवाळाचा गोळा.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. नारळाएवढा मातीचा गोळा, त्यावर हिरव्या शेवाळाचे मखमली आवरण, ते दोऱ्याने आवळलेले, आणि गोळ्यातून वर आलेले एखादे लहानसे रोप. कुंडी नाही. गोळा बशीत ठेवतात किंवा दोरीने खिडकीत टांगतात. ही कला जपानची. तिकडे तिला 'कोकेदामा' म्हणतात. 'कोके' म्हणजे शेवाळ व 'तामा' म्हणजे गोळा. आपल्या हैदराबादेत आता रोपांच्या प्रदर्शनांतून व रोपवाटिकांतून हे गोळे मिळतात. लोक हौसेने घरी नेतात, दोन महिन्यांत गोळा तपकिरी पडतो, आणि मग आमच्याकडे येऊन विचारतात, "मास्तर, आमचे काय चुकले?"

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. मराठीत आपण विहिरीच्या पाण्यातल्या हिरव्या तंतूंनाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात कठड्यावर येणाऱ्या मऊ हिरव्या थरालाही शेवाळच म्हणतो. शास्त्रदृष्ट्या ही दोन निराळी कुळे आहेत. शाळेच्या पुस्तकात पहिल्यास 'शैवाल' म्हणतात. दुसऱ्यास 'मॉस' असे नाव असून ते ब्रायोफायटा या विभागात मोडते. कोकेदामावर असते ते हे दुसरे, भिंतीवरचे. बाजारात काचेच्या बरणीत पाण्यात बुडालेला एक हिरवा चेंडूही 'मॉस बॉल' म्हणून विकतात. तो मात्र पहिल्या कुळातला, म्हणजे शैवालाचा असतो. त्याची निगा अगदीच वेगळी असल्यामुळे त्याचे शेवटी पाहू.

आता आमच्या एका चुकीची हकीगत सांगतो, कारण या विषयातले जे थोडेबहुत आम्हांस समजले ते तिच्यातूनच समजले.

चार वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने श्रावणात आपल्या गच्चीच्या कठड्यावरचे शेवाळ खरवडून, त्यात एक छोटा नेचा लावून असा गोळा केला व शाळेच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत टांगला. वर्षभर तिनेच त्यास पाणी घातले. एप्रिलअखेर उन्हाळ्याची सुट्टी लागली. "गोळा आम्ही घरी नेऊ," असे आम्ही तिला सांगितले होते आणि परीक्षेच्या कागदांच्या गडबडीत ते साफ विसरलो. दार कुलूपबंद झाले. आपल्या गावचा मे महिना सर्वांस ठाऊक आहे. पारा चाळीस अंशांपुढे जातो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडली तेव्हा ती मुलगी पहिल्याच तासापूर्वी आली. गोळा वाळल्या गोवरीसारखा हलका झाला होता. शेवाळ काळपट, बोटाने चुरगळेल असे. नेच्याची पाने कागदासारखी.

"सर, मेलं का?" तिने विचारले.

"मेलं, बेटा. चूक आमची," आम्ही म्हणालो.

ती काही बोलली नाही. तिने गोळा बादलीत बुडविला. बहुधा माती भिजवून दोरा सोडवावा असा तिचा विचार असावा. आम्ही हजेरीपटाकडे वळलो. थोड्याच वेळाने मागून आवाज आला, "सर, हिरवं झालं."

आम्ही वळून पाहिले. खरोखरच हिरवे झाले होते. दोन चिमट्या काचपट्टीवर घेऊन भिंगाखाली धरल्या: एक कोरडी, एक ओली. कोरड्या शेवाळाची पाने आतल्या बाजूस वळून मिटलेली, मिटल्या छत्रीसारखी. ओल्याची सताड उघडलेली. आपल्या दख्खनच्या भिंतींवर आढळणाऱ्या एका शेवाळाचे शास्त्रीय नाव हायोफिला इन्व्होल्युटा असे आहे. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी 'आत वळलेले' असा आहे. शेवाळास खरी मुळे नसतात, आधारापुरते मूलाभ असतात. पान बहुतांशी एकाच पेशीच्या जाडीचे असते. पाणी ते सर्वांगाने पिते. आणि पाणी संपले की जीव आत ओढून महिनेच्या महिने निजते. हे सारे आम्ही अठरा वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो, मुलांकडून पाठ करून घेत आलो होतो, आणि प्रत्यक्ष वस्तू हातात येताच "मेलं" म्हणून मोकळे झालो!

नेचा मात्र उठला नाही. महिनाभर वाट पाहिली. त्याची मुळे सुकली होती आणि मुळे सुकलेल्या झाडाला परतीची वाट नसते. त्या दिवशीचा आमचा शब्द असा अर्धा खरा व अर्धा खोटा ठरला.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की शेवाळाच्या गोळ्याच्या निगेचे सारे मर्म या अर्ध्या-अर्ध्यात आहे. गोळा एक दिसतो, पण त्यात जीव दोन असतात आणि दोघांची तहान निराळी असते. शेवाळ बाहेरून पिते व तहान सोसू शकते. रोप आतून, मुळांनी पिते व तहान सोसू शकत नाही. आपण पाहतो ते बाहेरचे शेवाळ. ते कोरडे दिसले की घाबरून फवारा मारतो. ते हिरवे दिसले की निश्चिंत होतो. दोन्ही वेळा फसगत होते. फवाऱ्याने शेवाळ ओले होते, पण आतली माती कोरडीच राहते व रोप मरते. उलट, शेवाळाच्या काळजीने गोळा रोज भिजविला तर आतली माती चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात.

यावर उपाय एकच: डोळ्यांवर न विसंबता हातावर विसंबणे. गोळा भिजवून, निथळून झाला की उचलून पाहावा व ते वजन हाताने लक्षात ठेवावे. स्वयंपाकघरात वजनकाटा असल्यास आकडाच पाटीवर लिहून ठेवावा. त्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा कमी झाला की पुन्हा भिजवावे, त्यापूर्वी नाही. आमच्या घरी हे काम धाकट्या मुलाकडे आहे. तो वजनाचा आलेख काढतो, आणि त्या आलेखावरून आम्हांस हैदराबादेतले ऋतू स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात आठवडा-आठवडा पाणी लागत नाही. थंडीत चार-पाच दिवसांनी लागते. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड, आणि झळा सुटल्या तर रोज.

भिजविण्याची रीत अशी. बादलीत पाणी घेऊन गोळा रोपाच्या बुंध्यापर्यंत बुडवावा. बुडबुडे येऊ लागतील; ते थांबेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटे, ठेवावा. मग बाहेर काढून चाळणीवर निथळू द्यावा. पिळू नये. पिळल्याने मुळे तुटतात. गोळ्यात मुंग्यांनी घर केले असेल तर त्याही याच वेळी बाहेर पडतात, तेव्हा बादली स्वयंपाकघराबाहेर ठेवलेली बरी.

वेळ संध्याकाळची किंवा भल्या पहाटेची. भर दुपारी फवारा मारणे हा आमच्या मते सर्वांत मोठा अपराध होय, आणि तो प्रेमापोटीच घडतो. निजलेले शेवाळ पाण्याने जागे होते तेव्हा पहिला काही वेळ ते मोडतोड दुरुस्त करण्यात आपली शिल्लक खर्च करते. अन्न तयार करून कमाई सुरू होते ती त्यानंतर. मेमधल्या दुपारी मारलेला फवारा अर्ध्या तासात वाळतो. म्हणजे खर्च झाला आणि कमाईआधीच दुकान बंद! रोज असे झाले की शेवाळ खरोखरच मरते. शिवाय कोरडे शेवाळ जेवढी उष्णता सोसते तेवढी ओले सोसत नाही. ओल्या शेवाळावर कडक ऊन पडणे म्हणजे ते शिजविणेच. कुलूपबंद प्रयोगशाळेत ते वाचले याचे कारण तेथे त्यास कोणी पाणी घातले नाही, हे आहे. आमच्या विसराळूपणाचे हे समर्थन नव्हे.

पाणी कोणते, हा प्रश्न आपल्या शहरात महत्त्वाचा आहे. १९०८ साली मुसीला महापूर आला, त्यानंतर उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले. त्या तलावांच्या गोड्या पाण्याच्या आठवणी आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. आज शहर पसरले, कृष्णा व गोदावरी यांचे पाणी नळातून येते, तरी पुष्कळ वसाहतींना बोअरवेलचाच आधार आहे. ते पाणी बहुधा क्षारयुक्त असते. बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो तोच शेवाळावरही बसतो व त्यास गुदमरवितो. यासाठी पावसाचे पाणी एखाद्या झाकणाच्या पिंपात साठवून गोळ्यासाठी राखावे. ते संपले तर नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून वापरावे. बोअरचे पाणी वापरणे भागच असेल तर महिन्यातून एकदा तरी गोळा गोड्या पाण्यात चांगला धुवावा.

येथे एक सोयीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. बाजारच्या गोळ्यांवर काही वेळा स्फॅग्नम नावाचे डोंगराळ दलदलीचे शेवाळ असते. त्यास चुनखडीचे पाणी मुळीच मानवत नाही. आपल्या भिंतीवरचे शेवाळ मात्र चुना-सिमेंटच्याच अंगाखांद्यावर वाढलेले असते. ते थोडाफार क्षार सोसते. महाबळेश्वरास वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथील शेवाळाचे लाड निराळे. हैदराबादेत पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने तहानेले राहून पुन्हा पावसात हिरवे होणारे जे शेवाळ आपल्या कठड्यावर आहे, तेच आपल्या गोळ्यास योग्य. लहानपणी मशिदीच्या हौदाच्या काठावर वुजू करताना याच शेवाळावरून आम्ही दोनदा घसरून पडलो आहोत. त्या वेळी या वस्तूवर पुढे कधी लेख लिहू असे वाटले नव्हते.

शेवाळ स्वतः जमवावे असा आमचा आग्रह आहे आणि त्यास दुसरेही कारण आहे. बाजारात येणारे शेवाळ कोठून तरी जंगलातून खरवडून आणलेले असते. उत्तराखंडात तर 'मॉस घास' या नावाने ते पोत्यांनी गोळा केले जाते. वनातले शेवाळ म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारा स्पंज. तो उचलला की खालची माती उघडी पडते, आणि पुन्हा तेवढा थर जमण्यास वर्षे लागतात. या उपेक्षित वनस्पतीकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून तेथील वनखात्याने नैनितालजवळ खुर्पाताल येथे शेवाळाचे उद्यानच केले. त्याचे उद्घाटन नोव्हेंबर २०२० मध्ये जलसंधारक राजेंद्र सिंह यांच्या हस्ते झाले. पोत्यांनी विकले जाणारे शेवाळ उद्यानात पाटी लावून दाखवावे लागते, हे नवलच म्हणायचे.

आपल्याला एका गोळ्यास फार लागत नाही. श्रावण-भाद्रपदात आपल्याच गच्चीचा उत्तरेकडचा कठडा किंवा टाकीखालची भिंत पाहावी. पातळ उलथन्याने तळहाताएवढे तुकडे अलगद उचलावे, मधेमधे पट्टे तसेच ठेवावे म्हणजे पुढच्या पावसात जागा भरून निघते. गोवळकोंड्याच्या तटास किंवा कुतुबशाही मकबऱ्यांस मात्र हात लावू नये. जुन्या गिलाव्याचा पापुद्रा शेवाळाबरोबर निघून येतो, आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे.

मातीविषयी थोडे. आमचे घराणे मूळचे नांदेडकडचे, म्हणजे काळ्या मातीचे, त्यामुळे आरंभी आम्ही निव्वळ काळी माती वापरली. ओली असता ती उत्तम वळते. वाळली की शेतासारख्या भेगा पडून गोळा दुभंगतो. हैदराबादेच्या तांबड्या मातीचा उलट दोष, ती वळतच नाही. म्हणून दोन वाटे काळी, एक वाटा तांबडी, एक वाटा नारळाच्या काथ्याचा भुसा व एक वाटा जुने शेणखत, असे मिश्रण आम्ही करतो. काथ्याचा भुसा दोन-तीनदा धुऊन घ्यावा, त्यात मीठ असते. मिश्रणाचा लाडू वळता आला पाहिजे. अम्मी पाहून म्हणाल्या, "पाक एक तार कमी आहे," आणि त्यांचा अंदाज बरोबर होता. लाडू फोडून मध्ये रोपाची मुळे बसवावी, पुन्हा वळावा, वर शेवाळाचे तुकडे ओल्या बाजूने दाबून दोरा आडवातिडवा गुंडाळावा.

रोप निवडताना दोन तहानांची गोष्ट विसरू नये. बाजारात जेड किंवा अडेनियम लावलेले गोळे दिसतात. दिसतात सुरेख, पण ही झाडे कोरड्याची आणि शेवाळ ओल्याचे. हा संसार टिकत नाही. नेचा फारच नाजूक, त्याचा अनुभव वर आलाच. मनीप्लांट, सिंगोनियम व स्पायडर प्लांट ही तिन्ही आमच्याकडे दोन-दोन उन्हाळे काढून उभी आहेत. नवशिक्याने मनीप्लांटच घ्यावे. गोदावरीकाठच्या कडियमच्या रोपवाटिकांतून येणारी रोपे प्रवासाने थकलेली असतात. ती आणल्या दिवशीच गोळ्यात न घालता पंधरा दिवस सावलीत राहू द्यावी.

जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीची. सकाळचे कोवळे ऊन चालते, पश्चिमेचे नको. एअर कंडिशनरचा झोत हवा कोरडी करतो, म्हणून त्यासमोर टांगू नये. वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरची खोली मात्र मानवते. आणि उन्हाळ्यातली सर्वांत उत्तम जागा आपल्या घरात आधीपासूनच असते: पाण्याच्या माठाशेजारची. पाझरत्या माठाभोवती हवा थंड व ओलसर राहते. जुन्या घडवंचीच्या पायांवर आपोआप शेवाळ धरत असे ते याचमुळे. आम्ही एप्रिल लागताच सर्व गोळे माठाजवळ नेतो. सुट्टीत गावी जावयाचे असल्यास पसरट घमेल्यात ओले गोणपाट अंथरून त्यावर गोळे ठेवावे, वर ओलेच फडके घालावे व घमेले न्हाणीघरात ठेवावे, आठवडा निभतो. त्याहून अधिक दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यास सांगावे, आणि त्यांनी 'हो' म्हटले तरी एकदा आठवण करावी. आम्ही स्वतःच 'हो' म्हटले होते.

बशीत पाणी साचू देऊ नये, हे मात्र सक्त. शोभेसाठी गोळा पाण्याच्या बशीत ठेवण्याची चाल पडली आहे. अशा बशीभर स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि उष्ण हवेत सुमारे आठवड्यात त्याचे डास होतात. पावसाळ्यात प्रत्येक वर्गात तापाने गैरहजर राहणारी मुले आम्ही पाहतो. बशीत खडे पसरून त्यावर गोळा ठेवावा व दर दोन दिवसांनी बशी पुसून कोरडी करावी.

खत बेताचेच द्यावे. मुळांसाठी दिलेले खत शेवाळाच्या अंगाला थेट लागते व ते करपते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, नेहमीच्या चौथ्या हिश्श्याइतके पातळ केलेले द्रवखत भिजवणीच्या पाण्यात घातले म्हणजे पुरते.

आता बरणीतला चेंडू. जपानीत त्याचे नाव 'मारिमो'. तो तंतुमय हिरव्या शैवालाचा असून होक्काइडो बेटावरील आकान सरोवर त्यासाठी प्रसिद्ध आहे. लाटांनी तळाशी घोळत राहिल्याने तो गोल होतो व वर्षाला जेमतेम ५ मिलिमीटर वाढतो. मुठीएवढ्या चेंडूमागे कित्येक वर्षे असतात ती अशी. पर्यटकांनी ते नेऊन नेऊन सरोवर रिकामे होऊ लागले, म्हणून १९५२ साली जपानने त्यास विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. तो थंड पाण्याचा जीव; पाणी पंचवीस अंशांच्या आत असले तर सुखी. आमच्या मते हैदराबादेत तो घेऊच नये. घेतलाच असेल तर उन्हापासून दूर, फरशीवरच्या गार कोपऱ्यात ठेवावा, पाणी आठवड्याने बदलावे, आणि मेमध्ये बरणीच दुपारभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. मेला तरी त्याचे पाणी हुसेनसागरात, विहिरीत किंवा नाल्यात ओतू नये. २०२१ साली अमेरिकेत दुकानांतल्या अशाच चेंडूंत झेब्रा शिंपले लपलेले सापडले व देशभर माल परत घ्यावा लागला. जलपर्णीने आपल्या तलावांचे काय केले आहे ते आपण पाहतोच. चेंडू उकळत्या पाण्यात घालून मग टाकावा.

दोऱ्याचे सांगावयाचे राहिले. सुती दोरा ओलीत राहून चार-सहा महिन्यांत कुजतो. तोवर शेवाळ मातीस धरलेले असले तर काही बिघडत नाही. नसले तर जुना दोरा न काढता त्यावरच दुसरा फेर द्यावा. त्या मुलीच्या गोळ्यास आतापर्यंत तीन फेर झाले आहेत. नेच्याच्या जागी तिने मनीप्लांट लावले. ती आता महाविद्यालयात असते. गोळा प्रयोगशाळेच्या खिडकीतच आहे, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो घरी नेण्याची तारीख हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिलेली असते.